छंदाकडे परतताना : सीडी डेकची निवड

डीजे हा शब्द कानी पडताच आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत आणि मिरवणुकीतला छाती दडपून टाकणारा गोंगाट उभा राहील. तो प्रकार आम्हांसही मानवत नाही. परंतु डीजेची मूळ कला निराळी आहे. एक गाणे सरत आले असता दुसरे त्याच लयीत अलगद त्यात मिसळून द्यायचे, ऐकणाऱ्याला सांधा जाणवू द्यायचा नाही, ही त्यातली खरी करामत. पेडण्याकडील दशावतारात एका पात्राचे पद संपून दुसरे रंगात येईपर्यंत पेटीवाला लय न मोडता जी मधली वाट चालतो, त्याच जातीचे हे काम होय.

हा विषय आमच्या डोक्यात आला तो डिचोलीच्या आतेबंधूंमुळे. तरुणपणी हे गृहस्थ लग्नसमारंभांत हौसेने गाणी लावीत. पुढे बोटीवरची नोकरी लागली, सामान विकले गेले. उरल्या त्या सीडींनी भरलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या. आता पन्नाशी गाठून ते घरी परतले आहेत आणि जुना छंद पुन्हा मान वर काढू लागला आहे. "दोन डेक घ्यावे म्हणतो, कोणते घेऊ?" अशी त्यांची पृच्छा. त्या पेट्यांत अकरा तबकड्या अशा आहेत की ज्यांवर त्यांच्या कैलासवासी वडिलांनी दशावतारात वाजविलेली पेटी भरलेली आहे. मूळ कॅसेटी केव्हाच टाकून दिल्या गेल्या.

सीडी १९८२ च्या ऑक्टोबरात प्रथम जपानात विक्रीस आली. घरगुती यंत्रावर ती नुसती ऐकता येई; वेग बदलणे किंवा नेमक्या ठोक्यावर गाणे धरून ठेवणे त्यावर जमत नसे. १९९४ मध्ये पायोनियरचे सीडीजे-५०० आले आणि चाक फिरवून गाण्यातली जागा शोधता येऊ लागली. २००१ च्या सीडीजे-१००० ने चाकावर हात ठेवून गाणे मागेपुढे खेळविण्याची, जुन्या रेकॉर्डवाल्यांची सवयही सीडीवर आणली. गंमत अशी, की त्याच घराण्यातील २०२० सालच्या सीडीजे-३००० ला सीडीची फटच नाही! गाणी पेनड्राइव्हवरून वाजवायची. शिवाय अशा दोन यंत्रांना लागणारा पैसा एका चांगल्या दुचाकीहून कितीतरी अधिक. तेव्हा ज्याच्या घरी सीडींच्या पेट्या आहेत, त्याला वापरलेल्या मालाकडेच वळावे लागते.

आतेबंधूंचे मन सीडीजे-१००० च्या तिसऱ्या आवृत्तीवर बसले होते; त्यांच्या तारुण्यात या यंत्राचा फार दबदबा होता. पण त्याला पेनड्राइव्ह चालत नाही. उलट २००९-१० सुमारास निघालेली सीडीजे-९००, ८५० आणि ३५० ही यंत्रे सीडीही वाजवितात आणि पेनड्राइव्हही. परतणाऱ्या हौशी माणसाने दबदब्यामागे न जाता यांतले एखादे घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ३५० चे चाक लहान आहे; ज्यांची बोटे मोठ्या चाकाला सरावलेली आहेत त्यांना ८५० अधिक मानवेल.

वेगाची पट्टी नीट चालते की नाही हे अवश्य पाहावे. मिनिटाला १२० ठोक्यांचे गाणे १२५ वर न्यायचे तर वेग चार टक्क्यांहून किंचित अधिक वाढवावा लागतो. मात्र वेगाबरोबर स्वरही चढतो. सहा टक्क्यांच्या वाढीला काळी एकमधले गाणे जवळजवळ पांढरी दोनमध्ये जाते! स्वर न हलविता लय वाढविण्याची कळ या यंत्रांत असते. पेटीवाल्याच्या मुलाला तिचे महत्त्व सांगावे लागले नाही.

मांद्र्याला एका घरी अशी एक जोडी विकाऊ असल्याचे कळले. चापोरा नदीपलीकडच्या हणजुणेप्रमाणेच पेडण्याच्या या किनाऱ्यालाही रात्रीच्या संगीताचे वेड आहे. गोवा गिल म्हणून प्रसिद्धी पावलेले, २०२३ मध्ये निवर्तलेले अमेरिकन वादक आपले संगीत डॅट नावाच्या इवल्या कॅसेटींवरून ऐकवीत. तेथील उन्हात रेकॉर्डी वाकतात, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. खारी हवा यंत्रांनाही सोडीत नाही.

आम्ही पेटीतली सर्वांत खराब, घरी भरलेली तबकडी मुद्दाम बरोबर नेली होती. अशी तबकडी कारखान्यात छापलेल्या सीडीपेक्षा कमी प्रकाश परत फेकते. त्यामुळे थकलेले लेसर भिंग तिच्यावर लगेच उघडे पडते. पहिल्या डेकने ती गिळली, बराच वेळ गरगर फिरविली आणि परत दिली. "सीडीच गेलेली आहे," मालक म्हणाले. दुसऱ्या डेकमध्ये घालताच मात्र पेटीचे सूर उमटले. डेक उलटा करून पाहिला तो मागचे स्क्रू तांबेरलेले. नमस्कार करून आम्ही उठलो.

त्या अनुभवाने एक गोष्ट मनात भरली. डेकचा शोध पुढे ढकलून त्याच रात्री अकराही तबकड्या संगणकावर उतरवून घेण्यास बसलो. दहा उतरल्या. अकरावीचा रुपेरी थर कडेने सुटला होता. कोणत्याच यंत्राने ती ओळखली नाही. तिच्यात काय होते हे आतेबंधूंना धड आठवत नव्हते. आत्याबाईंना आठवत होते, पदांच्या क्रमासह. त्या सांगत गेल्या आणि वहिनींनी ते वहीत उतरवून घेतले. ज्यांच्या घरी अशा तबकड्या आहेत त्यांनी यंत्राच्या निवडीआधी हे काम उरकावे.

शेवटी म्हापशास ८५० ची जोडी मिळाली. दोन्ही डेकनी ती मांद्र्याची तबकडी विनातक्रार वाचली. याच सुमारास जपानहून स्वस्तात मागविण्याचा सल्लाही कोणी दिला होता; पण तिकडची घरगुती वीज १०० व्होल्टची आणि आपली २३० ची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे लचांड आलेच.

डेक आता आतल्या खोलीत, सिमेंटच्या भिंतीपासून वीतभर दूर लाकडी मेजावर आहेत. पावसाळ्यात जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि आठवड्यातून एकदा तरी यंत्रे तासभर चालवायची, असे ठरले आहे. वहिनींची अट वेगळी. २००० सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहानंतर कर्ण्यांना बंदी घातली आहे. "भावोजी, यांना साडेनऊच सांगा," असे त्यांनी आम्हांस बजावले. नंतरचा सराव कानाला हेडफोन लावून चालतो. बाहेर फक्त बोटांचा चाकावरचा आवाज येतो.