सीमा मधोमध ठेवून आखलेली सहल

अमेरिकेतल्या मराठी घरांत रॉकी पर्वताच्या सहलीचा विषय निघाला की नकाशावर एक लांबलचक रेघ ओढली जाते. खाली यलोस्टोन, मग ग्लेशियर, सीमा ओलांडून बॅन्फ, तिथून जॅस्पर आणि परत. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, रजा मोजकी असते. एवढ्या लांब जायचंच आहे तर एकदाच सगळं पाहून घेऊ, असा हिशेब असतो. तो समजण्यासारखा आहे, पण त्यातून हाती येते ती गाडीच्या काचेतून पाहिलेली सहल. यलोस्टोन ते ग्लेशियर हा एक अख्खा दिवस, सीमेपलीकडच्या वॉटरटनपासून बॅन्फ निम्म्याहून जास्त दिवस, बॅन्फ ते जॅस्पर वाटेत थांबत गेलं तर आणखी एक दिवस. त्यात रोज संध्याकाळी तंबू ठोकायचा आणि सकाळी गुंडाळायचा. माझं म्हणणं असं, की दोन देशांतली सहल आखताना आधी सीमा कुठे ओलांडायची ते ठरवावं, ती जागा नकाशाच्या मधोमध ठेवावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना थोडंच, पण नीट पाहावं.

यासाठी मोंटानातलं ग्लेशियर आणि अल्बर्टातलं वॉटरटन लेक्स या जोडीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. वॉटरटन १८९५ साली राखीव झालं, ग्लेशियर १९१० साली. पुढे दोन्ही बाजूंच्या रोटरी क्लबांच्या आग्रहामुळे १९३२ मध्ये दोन्ही उद्यानं मिळून जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान झालं आणि १९९५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानलं. सीमा इथे ४९व्या अक्षांशावरून जाते. ती ओळखू यावी म्हणून जंगलातून सुमारे सहा मीटर रुंदीचा सरळ पट्टा झाडं तोडून मोकळा ठेवलेला आहे. डोंगराला मात्र या पट्ट्याशी देणंघेणं नाही. सीमेच्या जरा दक्षिणेला एकटा उभा असलेला चीफ माउंटन पाहा. त्याच्या माथ्याचे खडक १४० कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत आणि ते ज्या खडकांवर बसलेत त्यांचं वय साधारण १० कोटी वर्षांच्या आतलं आहे. भूकवचाचा प्रचंड थर पश्चिमेकडून सरकत येऊन तरुण खडकांवर चढला, नंतर झिजला आणि हा तुकडा मागे उरला. ब्लॅकफूट लोकांसाठी हा डोंगर पवित्र आहे आणि त्यांच्या वस्त्या आज सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत. शाळकरी मुलांना भूगोल, भूगर्भ आणि इतिहास एकाच वळणावर दाखवता येईल अशा जागा फार नसतात. म्हणूनच ही सीमा घाईघाईने मागे टाकण्याची गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष आखणी. चीफ माउंटनच्या सीमा-नाक्यावरून जाणारा रस्ता या दोन उद्यानांमधला सर्वांत सुंदर आहे, पण ते नाकं साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच उघडं असतं आणि तेही दिवसाच. उशीर झाला तर पूर्वेकडच्या पीगन-कारवे नाक्याने वळसा घालावा लागतो, आणि रात्री उशिरा तेही बंद होतं. ग्लेशियर आरपार ओलांडणारा सुमारे ८० किलोमीटरचा गोइंग-टू-द-सन रस्ता २,०२६ मीटर उंचीच्या लोगन खिंडीतून जातो. बर्फ हटवून तो पूर्ण उघडायला अनेकदा जूनअखेर किंवा जुलैची सुरुवात उजाडते. शिवाय त्याच्या मधल्या अरुंद टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन चालत नाही, आणि या रुंदीत बाजूचे आरसेही धरतात. म्हणजे मोठी आर. व्ही. भाड्याने घेतली की सहलीतला सर्वांत देखणा रस्ता हातचा जातो. साधी गाडी आणि तंबू या बाजूने माझा कौल आहे, त्यामागचं पहिलं कारण हेच.

मुक्कामाची आरक्षणं दोन देशांत दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात. ग्लेशियरमध्ये आगाऊ आरक्षण घेणाऱ्या बहुतेक कॅम्पसाइट सहा महिने आधी, दिवसागणिक खुल्या होतात. कॅनडात हंगामाच्या सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला, एका जाहीर दिवशी एकदम खुल्या होतात आणि मोक्याच्या जागा पाहता पाहता संपतात. १ जुलैला कॅनडाचा राष्ट्रीय दिन आणि ४ जुलैला अमेरिकेचा, त्यामुळे त्या आठवड्यात दोन्हीकडे गर्दी. जुलैचा दुसरा पंधरवडा त्या मानाने बरा. रस्ता उघडलेला असतो आणि उजेड रात्री साडेनऊपर्यंत टिकतो. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर ही खरी भीती असते. थोडक्यात, उन्हाळ्यातली सहल ठरवण्याची वेळ ही दिवाळीनंतरची आहे.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण सहल मोडते ती बहुधा इथेच. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना तो लागत नाही, वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. एकाच कुटुंबात नवरा-बायको, मुलं आणि आई-बाबा तीन प्रकारच्या कागदांवर प्रवास करत असतात, म्हणून प्रत्येकाचा वेगळा विचार करावा. पासपोर्टवरचं अमेरिकेचं स्टॅम्पिंग संपलं असेल, पण आय-नाइन्टीफोर चालू असेल, तर ३० दिवसांपर्यंतच्या कॅनडा भेटीनंतर परत येण्याची सोय नियमांत आहे. मात्र तिकडे नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ती सोय लागू होत नाही. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे आधी पाहावं. मुलांसोबत एकच पालक असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र ठेवावं. गाडीच्या विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं कार्ड मागून घ्यावं, आणि गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडायची परवानगी करारात लिहून घ्यावी. उद्यानांचे पासही दोन लागतात, एकाचा दुसरीकडे उपयोग नाही.

शिध्याबाबत आपल्या लोकांनी जास्त काळजी घ्यायला हवी. ताजी फळं, भाज्या, मांस आणि जळाऊ लाकूड यांवर दोन्हीकडे निर्बंध आहेत. लाकूड तर न्यायचंच नाही, कारण त्यातून कीड पसरते. भाजीपाला त्या बाजूला जाऊन घ्यावा, सोबत पोहे, रवा, डाळ-तांदूळ असा कोरडा शिधा मूळ पाकिटांत ठेवावा आणि अधिकाऱ्याने विचारलं की जे आहे ते सगळं सांगावं. अस्वलांसाठीचा स्प्रे, डब्यावर तसं छापलेलं असेल तर, कॅनडात नेता येतो. माणसांवर मारायचा मिरचीचा स्प्रे मात्र तिथे बंदी असलेलं शस्त्र ठरतं. तंबूजवळची शिस्तही या अस्वलांनीच ठरवलेली आहे. जेवण झाल्यावर कूलर, स्टोव्ह, फोडणीचा वास लागलेली कढई, मिसळणाचा डबा, एवढंच नव्हे तर टूथपेस्ट आणि साबणही गाडीत किंवा लोखंडी पेटीत बंद करायचा. खरकटं पाणी ठरलेल्या जागीच ओतायचं. मुलांना ही कामं वाटून द्यावीत. जंगलात आपण पाहुणे आहोत हे त्यांना त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही माहितीफलकावरून कळत नाही.

बॅन्फ वगळायचं म्हटलं की लोक नाराज होतात. लेक लुईस न पाहता परत यायचं? यावर माझं उत्तर असं की बॅन्फ वाटेत उरकण्यासारखं राहिलेलं नाही. मोरेन लेकवर २०२३ पासून खासगी गाड्या जात नाहीत, शटलची जागा आधी धरावी लागते. लेक लुईसला तंबूंच्या कॅम्पग्राउंडभोवती अस्वलांमुळे विजेचं कुंपण आहे आणि उन्हाळ्यात जागा मिळणं कठीण असतं. लेक लुईस ते जॅस्पर हा २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे बो लेक, पेटो लेक आणि अथाबास्का हिमनदीला थांबत थांबत पाहायचा रस्ता आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी मोबाइल लागत नाही आणि पेट्रोलची सोय जवळपास नाहीच. कॅनडाच्या या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला स्वतंत्र सुट्टी द्यावी. हाताशी दहा दिवसांहून जास्त असतील तर जोडावं, एका आठवड्यात कोंबू नये.

दुसरा आक्षेप आई-बाबांचा. साठी-सत्तरीच्या माणसांनी जमिनीवर झोपायचं का, हा प्रश्न रास्त आहे, आणि जुलैतही इथल्या रात्री चांगल्याच गार असतात. पण सगळ्यांनी एकाच प्रकारे राहायचं असं कुठे आहे? ग्लेशियरच्या पश्चिमेला ॲपगारमध्ये कॅम्पग्राउंड आणि लॉज दोन्ही मॅकडोनाल्ड सरोवराकाठी, चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वॉटरटनमध्ये तर कॅम्पग्राउंड गावातच आहे. तिथे गरम पाण्याची आंघोळ आहे, दुकानं जवळ आहेत आणि मोटेलही. आजी-आजोबा खोलीत आणि मुलं तंबूत, अशी वाटणी करावी आणि जेवण सगळ्यांनी एकत्र करावं.

एवढं धरून आठवडा असा बसतो: ॲपगारला दोन रात्री, लोगन खिंड ओलांडून सेंट मेरीला दोन, सकाळी चीफ माउंटनच्या नाक्यावरून पलीकडे जाऊन वॉटरटनला तीन. सीमा मधोमध असल्याचा एक फायदा आयत्या वेळी कळतो. कुणाचा कॅनडाचा व्हिसा वेळेत आला नाही तर सहल रद्द होत नाही. वॉटरटनच्या तीन रात्री सोडून द्यायच्या आणि सेंट मेरीचा मुक्काम वाढवायचा. म्हणून तिथली आणखी तीन रात्रींची जागा आधीच धरून ठेवावी आणि ती सोडण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या अर्जाच्या कागदावरच लिहून ठेवावी.