चांदीचे रजःकण आणि कडुनिंबाचा काढा

दिवाळी तोंडावर आली की कपाटातले चांदीचे ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी बाहेर निघतात आणि वर्षभरात चढलेला काळेपणा घालविण्यासाठी घरातली मंडळी रांगोळी घेऊन घासायला बसतात. हा काळेपणा गंधकाचा. हवेतले गंधकयुक्त वायू चांदीला भेटले की ती काळवंडते. चांदीला गंधकाची ही ओढ आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग आहे.

मध्यंतरी एका स्नेह्यांच्या घरी ‘वनस्पतिसिद्ध चांदीचे पाणी’ अशी एक बाटली दिसली. रोज चमचाभर पोटात घ्यायचे म्हणे! वर कडुनिंबाच्या डहाळीचे चित्र. मी मराठी शिकविणारा माणूस. शब्द तोलून पाहणे हाच माझा धंदा. तो ‘वनस्पतिसिद्ध’ शब्द काही केल्या माझ्या मनातून जाईना. अखेर रसायनशास्त्राकडे वळलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला गाठले आणि विचारले, “यात कडुनिंबाचे काम काय?” ती हसून म्हणाली, “सर, कडुनिंब इथे वैद्य म्हणून नाही, आचारी म्हणून आहे!”

त्या आचाऱ्याची पाककृती अशी. कडुनिंबाची पाने स्वच्छ धुऊन, बारीक चिरून पाण्यात उकळायची आणि काढा गाळून घ्यायचा. दुसरीकडे एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवायचे. या पाण्यात चांदी असते, पण ती दिसत नाही. तिच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. काढा त्यात पडला की पानांतली द्रव्ये तो इलेक्ट्रॉन परत देतात. मग चांदीचे अणू एकमेकांना बिलगून कण बनतात आणि पाणी पिवळे, पुढे तपकिरी होते. पानांतलीच काही द्रव्ये कणांभोवती वेढा देऊन त्यांचा गोळा होऊ देत नाहीत. वीस नॅनोमीटरचे असे हजारो कण ओळीने ठेवले, तर कुठे माणसाच्या एका केसाची जाडी भरेल!

मौजेची गोष्ट अशी की, या कामातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या पुण्यातच गाठला गेला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००१ मध्ये बुरशीकडून चांदीचे कण घडवून घेतले आणि २००४ मध्ये कडुनिंबाच्या काढ्याने तेच काम काही तासांत करून दाखविले. एरवी यासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखी जहाल रसायने लागतात. त्यांची जागा पाल्याने घेतली, हे यातले खरे यश. पुढे कोरफडीपासून तुळशीपर्यंत कितीतरी वनस्पती या कामाला जुंपल्या गेल्या.

आता गंधकाकडे वळू. चांदीच्या कणांतून सुटणारे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला जाऊन चिकटतात आणि त्यांचे व्यवहार बंद पाडतात. ताम्हन काळे करणारी ओढच इथे जंतूंच्या मुळावर येते. भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम १९६८ पासून माहीत आहे. पण ते मलम त्वचेवर लावायचे, घोटाघोटाने प्यायचे नव्हे.

“आमच्या पूर्वजांचे रजतभस्म म्हणजे हेच की!” असे कोणी म्हणेल. नाही. भस्म करताना शोधन करून, अग्नीत पुटे देऊन धातूचे ‘मारण’ करतात, म्हणजे त्याचे धातूपण घालवितात. इथे तर क्षारात दडलेली चांदी पुन्हा धातू होऊन जन्माला येते. एक वाट पूर्वेची, दुसरी पश्चिमेची. दोन्हींना एकच नाव देण्याने ना पूर्वजांचा गौरव होतो, ना शास्त्राचा.

शिवाय आचारी लहरी आहे. पान कोवळे की जून, पावसाळ्यातले की उन्हाळ्यातले, यावर काढ्यातली द्रव्ये बदलतात आणि त्यांबरोबर कणांचा आकारही. म्हणून प्रत्येक घाणा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. काचेच्या बशीत जंतू मेले म्हणजे माणसाच्या पोटात औषध झाले, असेही नाही. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर कातडी निळसर करडी पडते, आणि तो रंग सहसा जन्मभर जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर १९९९ मध्येच स्पष्ट केले की, पोटात घेण्याची असली चांदीची द्रावणे औषध म्हणून सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत.

हे सारे मी स्नेह्यांना सांगितले. ते जरा हिरमुसले. “पण कडुनिंब तर निसर्गाचाच ना?” त्यांनी विचारले. निसर्गाचाच, आणि बाटलीतली चांदीही निसर्गाचीच. पण निसर्गाचे ते सारे निरुपद्रवी, असे निसर्गाने कधी लिहून दिलेले नाही. हा काढा प्रयोगशाळेत जे करतो ते थक्क करणारे आहे. त्याचे तेवढे श्रेय त्याला मनापासून द्यावे, आणि त्या चमचाभर पाण्याऐवजी दुखण्याखुपण्याला आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.