धावणाऱ्यांना विचारलं, म्हणजे सगळ्यांना विचारलं का?

मी वाणगावची. रविवारी चिंचणीच्या रस्त्याला पळते. गेल्या हिवाळ्यात दहा किलोमीटरची एक स्पर्धा पळाले. नंतर चहा पिताना वाढवण बंदराचा विषय निघाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024मध्ये 76,220 कोटींचं हे बंदर मंजूर केलं, तेव्हापासून आमच्याकडे दोन माणसं भेटली की हाच विषय. मी आठ जणांना विचारलं. सगळे म्हणाले, "व्हायला हवं, नोकऱ्या येतील." मी वहीत लिहिलं: तरुणांचा बंदराला पाठिंबा आहे.

गाईडनी वाचून एकच विचारलं, "तिथे कोण नव्हतं?"

फी भरून पळायला येणारे बहुतेक बोईसर-तारापूरला पगारावर असलेले. त्याच पहाटे बोट घेऊन समुद्रात गेलेला मच्छीमार तिथे कसा असेल? आणि बंदराला वर्षानुवर्षं विरोध करतोय तो तोच.

हाताशी आहेत त्यांनाच विचारणं म्हणजे 'सोयीचा नमुना'. गंमत बघा, आठऐवजी ऐंशी धावपटूंना विचारलं असतं तरी चूक सुटली नसती. फक्त माझा आत्मविश्वास वाढला असता. स्पर्धेच्या निकालातही तेच होतं. अर्ध्यात थांबलेल्यांची वेळ यादीत नसते, म्हणून सरासरी छान दिसते.

म्हणून प्रश्नावलीआधी एक यादी करा: मी निवडलेल्या जागी, त्या वेळी कोण येऊच शकत नाही?

वहीतलं वाक्य मी खोडलं नाही. 'तरुणांचा' काढून 'त्या दिवशी पळालेल्या आठ जणांचा' एवढंच केलं. आता ते खरं आहे.