चाळीस मिनिटं, वीस पोरं

कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात खेळ असतो चाळीस मिनिटांचा. एका वेळी कोर्टवर पाच जण, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला असतात दोनशे मिनिटं. बहुतेक प्रशिक्षक ती सात-आठ जणांतच संपवतात. बाकीचे बाकावर बसतात, टाळ्या वाजवतात, मध्यंतरात पाण्याच्या बाटल्या देतात, आणि पुढच्या वर्षी सरावाला येईनासे होतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळलेल्यांना हे सांगायला नको. स्कोअरशीटवर नाव आहे, पण पायाला घाम नाही, अशी चार-पाच मुलं प्रत्येक संघात असतातच.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात एका प्रशिक्षकाने या दोनशे मिनिटांचा हिशेब नव्याने मांडला आणि जवळपास तीस वर्षं तोच चालवला. त्यांचं नाव डेव्हिड आर्सेनो, कॉलेज ग्रिनेल.

ग्रिनेल कॉलेज १८४६ सालचं. मक्याच्या शेतांमधलं नऊ-दहा हजार वस्तीचं गाव आणि दोन हजारांच्या आतबाहेर विद्यार्थी. अभ्यासासाठी त्याचं नाव मोठं आहे. ‘इंटेल’च्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस इथलेच, जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकही इथलेच. खेळासाठी मात्र इथे कुणी येत नसे. अमेरिकन कॉलेजक्रीडेच्या तीन श्रेणींपैकी हे कॉलेज तिसऱ्या श्रेणीत मोडतं, आणि तिसऱ्या श्रेणीत खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे मुलगा खेळतो तो हौसेने, आणि हौस फिटली की सोडून देतो. त्याला धरून ठेवायला प्रशिक्षकाच्या हातात काहीच नसतं.

आर्सेनो १९८९ साली तिथे रुजू झाले तेव्हा ग्रिनेलचा बास्केटबॉल संघ वर्षानुवर्षं हरत आलेला होता. हरण्यापेक्षा मोठी अडचण अशी की मुलांना खेळात रस उरला नव्हता. सराव कंटाळवाणा, सामना हरलेला, त्यात निम्म्यांना कोर्टवर पाय ठेवायला मिळत नाही. मग थांबायचं कशासाठी?

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचे प्रशिक्षक पॉल वेस्टहेड तुफान वेगाचा खेळ खेळवत होते. १९८९-९०च्या हंगामात त्यांच्या संघाची सरासरी सामन्याला १२२ गुणांवर गेली. आर्सेनोंनी तिथून वेग उचलला. पण वेस्टहेडकडे पहिल्या श्रेणीतले दमदार खेळाडू होते, शिष्यवृत्तीवर आलेले. ग्रिनेलची मुलं या वेगाने दहा मिनिटंही टिकली नसती. मग आर्सेनोंनी एक साधी गोष्ट केली. दमायच्या आधीच त्यांना बाहेर काढायचं. एकेकाला नाही, पाचही जणांना एकदम.

हीच ती पद्धत. अमेरिकेत तिला नुसतं ‘द सिस्टिम’ म्हणतात.

ती चालते कशी? पंधरा ते वीस मुलांचे पाच-पाचचे गट करायचे. पहिला गट कोर्टवर उतरतो आणि जीव तोडून धावतो. मिनिटभरात पुढचे पाच जण स्कोअररच्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. शिट्टी वाजली की पाच आत, पाच बाहेर. आइस हॉकीत असेच अख्खे गट बदलतात, पण तिथे खेळ चालू असताना बदलता येतं. बास्केटबॉलमध्ये पंचांनी खेळ थांबवल्याशिवाय बदल होत नाही. कधीकधी दोन-दोन मिनिटं शिट्टीच वाजत नाही. फाउल नाही, चेंडू बाहेर नाही, काही नाही. मग कोर्टवरच्या पाच जणांच्या तोंडाला फेस येतो आणि टेबलापाशी वाट पाहणारे पाच जण जागच्या जागी उड्या मारत राहतात. ग्रिनेलचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर चेंडूपेक्षा या टेबलाकडेच जास्त जाते.

आता कोर्टवरची कामं. चेंडू हातात आल्यावर बारा सेकंदांच्या आत बास्केटवर मारायचा. त्या काळी पुरुषांच्या कॉलेज सामन्यात शॉट क्लॉक आधी पंचेचाळीस आणि १९९३ पासून पस्तीस सेकंदांचं होतं (आता ते तीसवर आलं आहे), म्हणजे नियमाने दिलेला निम्म्याहून जास्त वेळ ही मुलं वापरतच नसत. प्रतिस्पर्ध्याने गुण केला, की त्याच क्षणी एक उंच मुलगा चेंडू उचलून रेषेबाहेरून आत टाकतो, दुसरा धावत तो पुढे नेतो, नेमबाज दोन्ही कडांनी सुसाट सुटून तीन गुणांच्या रेषेबाहेर जागा धरतात. पहिली बरी संधी दिसली की शॉट. शॉट हुकला तरी बिघडत नाही. उरलेले रिंगखाली घुसतात, रिबाउंड मिळवतात आणि चेंडू पुन्हा बाहेर फेकतात. बचाव करणारे सगळे तोवर आत गोळा झालेले असतात, त्यामुळे हा दुसरा शॉट पहिल्यापेक्षा मोकळा मिळतो.

बचाव तर त्याहून विचित्र. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्या कोर्टवर गाठायचं, चेंडूवाल्यावर दोघांनी झडप घालायची, बाकीच्यांनी पासच्या वाटा अडवायच्या. चेंडू हिसकावला तर उत्तम. हा वेढा फुटला, तर समोरचा खेळाडू एकटाच रिंगपर्यंत जातो आणि फुकटचा लेअप मारतो. मारू द्यायचा! कोणत्याही शाळेतले पी.टी. सर हे पाहून शिट्टी फेकून देतील. पण आर्सेनोंच्या हिशेबात प्रतिस्पर्ध्याने पस्तीस सेकंद चेंडू खेळवत ठेवणं जास्त महाग होतं. सहा सेकंदांत दोन गुण देऊन टाकले, की चेंडू परत आपल्याकडे येतो आणि घड्याळात वेळ शिल्लक राहतो.

हा हिशेब कागदावर मांडलेला होता. जुन्या सामन्यांचे आकडे तपासून आर्सेनोंनी पाच लक्ष्यं ठरवली. सामन्यात ९४ शॉट घ्यायचे. त्यांतले निम्मे, म्हणजे ४७, तीन गुणांचे. हुकलेल्या शॉटांपैकी एक तृतीयांश रिबाउंड आपणच मिळवायचे. प्रतिस्पर्ध्याच्या हातून ३२ वेळा चेंडू घालवायला लावायचा, म्हणजे ३२ टर्नओव्हर. आणि त्याच्यापेक्षा २५ शॉट जास्त घ्यायचे. ही पाचही जमली की सामना सहसा हातचा जात नाही, असा त्यांचा अनुभव होता. १९९७ साली त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं, ‘द रनिंग गेम’.

हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत, गणित करून पाहावं लागतं. समजा, ग्रिनेलने ९४ शॉट घेतले. ४७ तीन गुणांचे, त्यांतले ३४ टक्के लागले तर १६, म्हणजे ४८ गुण. उरलेले ४७ दोन गुणांचे, त्यांतले ४५ टक्के लागले तर २१, म्हणजे ४२ गुण. एकूण ९०. समोरच्या संघाला मिळाले ६९ शॉट. फुकटचे लेअप मिळत असल्याने त्यांची नेमबाजी दृष्ट लागावी अशी, साठ टक्के धरू. तरी झाले ४१ बास्केट आणि ८२ गुण. फ्री थ्रो दोन्हीकडचे सोडून दिले तर साठ टक्के मारणारा संघ चाळीस टक्क्यांच्या आत मारणाऱ्या संघाकडून हरला. समोरच्याने तीन गुणांचे शॉट घ्यायला लागावं तर रिंगखालची मोकळी जागा खुणावत असते, तिचा मोह सुटत नाही. सगळी मेख त्या पंचवीस जादा शॉटांत आहे, आणि ते येतात हिसकावलेल्या चेंडूंतून आणि रिबाउंडांतून.

वेग वाढवला की दुबळ्या संघाचं फावतं, असं अनेक जण समजतात. ते बरोबर नाही. डाव जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी, आणि ज्याच्याकडे खरोखर चांगले खेळाडू आहेत त्याचाच त्यात फायदा. दुबळ्या संघाने खरं तर खेळ संथ करावा. ग्रिनेलचा डाव वेगळ्या गोष्टीवर बेतलेला होता. त्यांच्याकडे वीस ताजी पोरं होती आणि समोर सात-आठ थकणारे. पहिल्या अर्ध्यात बरोबरीत असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो, पास तोकडे पडतात, चेंडू हातातून निसटतो. तिथे ते ३२ टर्नओव्हर पूर्ण होतात.

त्यावरचा उताराही विरोधकांना हळूहळू कळत गेला. वेढा फोडायचा, रिंग मोकळी दिसत असूनही लेअप मारायचा नाही, चेंडू परत बाहेर आणून खेळवत बसायचं. ऐकायला सोपं आहे. कॉलेजच्या पोराला मोकळ्या रिंगसमोरून मागे फिरायला लावणं किती अवघड असतं ते प्रशिक्षकांनाच ठाऊक! ३ फेब्रुवारी २००५ रोजी ‘ईएसपीएन’च्या वाहिनीने ग्रिनेल विरुद्ध बेलॉइट हा सामना देशभर दाखवला. तिसऱ्या श्रेणीच्या साध्या साखळी सामन्याला असं भाग्य क्वचितच लाभतं. ग्रिनेल ८५-८६ असं एका गुणाने हरलं.

म्हणजे ही पद्धत जादूची कांडी नव्हती. १९९६ साली ग्रिनेलने आपल्या मिडवेस्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं आणि पुढेही काही हंगाम गाजवले, पण राष्ट्रीय विजेतेपदाच्या जवळपास ते कधी गेले नाहीत. गुणांच्या सरासरीत मात्र देशात पहिला क्रमांक बहुतेक वर्षी त्यांचाच.

आणि मग ते १३८ गुण.

२० नोव्हेंबर २०१२च्या रात्री जॅक टेलर नावाच्या ग्रिनेलच्या खेळाडूने फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्ध एकट्याने १३८ गुण केले. १०८ शॉट घेतले, ५२ लागले. त्यांतले ७१ तीन गुणांचे, लागले २७. वर सात फ्री थ्रो. चाळीसपैकी छत्तीस मिनिटं तो कोर्टवर होता. सामना १७९-१०४. दुसऱ्या दिवशी एनबीए या व्यावसायिक लीगचा तारा कोबी ब्रायंटपासून सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. त्याच सामन्यात समोरच्या डेव्हिड लार्सनने ४४ शॉटांत ३४ बास्केट मारून ७० गुण केले, हे त्या गदारोळात फार कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मला विचाराल तर पद्धतीचं खरं चित्र लार्सनच्या आकड्यांत दिसतं. इतके फुकटचे लेअप देऊनही ७५ गुणांनी जिंकता येतं.

टेलरने मोडलेला विक्रम होता बेव्हो फ्रान्सिसचा. ओहायोतल्या रायो ग्रँड या तितक्याच चिमुकल्या कॉलेजकडून त्याने १९५४ साली ११३ गुण केले होते. त्याच्या आदल्या वर्षी त्याने ११६ही केले होते, पण समोर दोन वर्षांचं ज्युनिअर कॉलेज होतं म्हणून ते नोंदवहीतून गेले. छोट्या कॉलेजांच्या विक्रमांना हा किंतु कायमचा चिकटलेला असतो: समोर होतं कोण? फेथ बॅप्टिस्टबद्दलही तेच विचारलं गेलं, आणि विचारणाऱ्यांचं फारसं चुकलं नाही.

मला खटकतं ते दुसरंच. सगळ्यांना मिनिटं मिळावीत म्हणून उभारलेल्या पद्धतीत एकाच मुलाने १०८ शॉट घ्यायचे? त्या रात्री टेलरच्या नावावर गुणाला हातभार लावणारा एकही पास नाही, आणि बाकीच्या सगळ्यांचे मिळून ४१ गुण. हा अपवाद होता असंही म्हणता येत नाही. १९९४ साली स्टीव्ह डीकमनचे ६९, १९९८ साली जेफ क्लेमेंटचे ७७, २०११ साली ग्रिफिन लेन्चचे ८९, आणि २०१३ साली पुन्हा टेलरचेच १०९. सगळे ग्रिनेलचे. एकाला पुढे काढायची आवड आर्सेनोंना पहिल्यापासून होती, आणि अशा बातमीने शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजकडे चार नवे नेमबाज वळतात हेही त्यांना कळत असणार. आर्सेनोंच्या मुलाच्या नावावरचा विक्रम मला या सगळ्यांपेक्षा आवडतो. धाकटे डेव्हिड आर्सेनो वडिलांच्या हाताखालीच ग्रिनेलकडून खेळले, आणि २००७ साली एका सामन्यात त्यांनी ३४ असिस्ट दिले. म्हणजे चौतीस वेळा दुसऱ्याच्या हातून बास्केट झालं.

पद्धत इतकी मजेशीर असूनही तिची नक्कल फार थोड्यांनी केली. कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्स विद्यापीठात गॅरी स्मिथ यांनी ती उचलली आणि २००४-०५ साली सरासरी १३२.४ गुणांपर्यंत नेली. आणखी काही छोट्या कॉलेजांनी हात घालून पाहिला. मोठी विद्यापीठं लांब राहिली, आणि ते समजण्यासारखं आहे. तिथला प्रशिक्षक करारावर असतो. ओळीने वीस लेअप फुकट दिलेले मैदानभर लोकांनी पाहिले, की त्याची खुर्ची हलायला लागते. आर्सेनो ग्रिनेलमध्ये शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. एखादा हंगाम फसला म्हणून त्यांना कुणी घरी बसवणार नव्हतं.

२०१४ साली धाकट्या आर्सेनोंना व्यावसायिक क्षेत्रात ही पद्धत करून पाहायची संधी मिळाली. एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्जचा दुय्यम संघ, रीनो बिगहॉर्न्स, त्यांच्याकडे आला. संघाने गुणांचा पाऊस पाडला, सामन्याला १४०च्या घरात. पण तिथला प्रत्येक खेळाडू वरच्या संघात जायला धडपडत असतो. वीस-बावीस मिनिटं खेळून शिट्टी वाजली की बाहेर, हे त्याला परवडणारं नसतं. दोन हंगामांनी ते तिथून निघाले, आणि पुढे वडील थांबल्यावर ग्रिनेलचा संघ त्यांच्या हाती आला.

एनबीए दरम्यान आपल्याच वाटेने तीन गुणांच्या शॉटांच्या त्या आकड्यापर्यंत पोचली. २०२४-२५च्या हंगामात बोस्टन सेल्टिक्सने सामन्याला सरासरी ४८ शॉट तीन गुणांचे घेतले. आर्सेनोंच्या कागदावरच्या ४७ पेक्षा एक जास्त, अर्थात सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. पाचही जणांना एकदम बाहेर काढायची पद्धत मात्र तिथे रुजली नाही.