बुकिंग १५ ऑगस्टचं, यादीत १४ कसं? टाइम झोनची चूक अशी शोधा

समजा, तुम्ही भोर-वेल्ह्यातल्या गडांसाठी ट्रेक बुकिंगचं छोटंसं ॲप बनवलंत. एका ग्रुपने राजगडासाठी १५ ऑगस्ट निवडला, पण गाइडच्या यादीत १४ ऑगस्ट आला. गाइड गुरुवारी पायथ्याशी वाट बघणार आणि ग्रुप शुक्रवारी येणार! कोडमध्ये एररचा मेसेज मात्र कुठेच नाही. मग चुकलं कुठे?

भारताची वेळ यूटीसी या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मोबाइलवर १५ तारीख निवडली की जावास्क्रिप्ट बहुतेक वेळा १५ ऑगस्ट, रात्री १२ वाजता अशी वेळ धरते. ती 'टूआयएसओस्ट्रिंग' वापरून पाठवली की यूटीसीमध्ये बदलते आणि होते १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०. त्यातला फक्त तारखेचा भाग कापून घेतला की एक दिवस गेलाच!

दुसरा घोळ सर्व्हरवर होतो. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, पण क्लाउड सर्व्हर सहसा यूटीसीवर चालतो. म्हणून 'आज'ची तारीख रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळेत कालची दिसते. दिवसा टेस्ट केलं तर ही चूक सापडतच नाही.

उपाय काय?

१. नुसती तारीख हवी असेल (ट्रेक, वाढदिवस) तर ती '२०२५-०८-१५' अशी साध्या मजकुरात ठेवा. तिला वेळ जोडूच नका.

२. नेमका क्षण हवा असेल (पेमेंट, मेसेज) तर यूटीसीमध्ये साठवा आणि दाखवताना 'एशिया/कोलकाता' हा झोन द्या.

३. हाताने साडेपाच तास मिळवू नका. लायब्ररीने आधीच मिळवले असतील तर वेळ ११ तास पुढे जाते. शिवाय जुन्या नोंदींमध्ये हा आकडा चुकतो. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. झोनचं नाव दिलं की लायब्ररी हा इतिहासही सांभाळते.

४. काही ब्राउझर याच झोनला 'एशिया/कलकत्ता' म्हणतात. नावं जुळतात का, यावर कोडमधली अट ठेवू नका.

आता एक काम करा. टेस्टमध्ये रात्री १ ची वेळ टाकून बघा. तारीख बरोबर आली, तर गाइड आणि ग्रुप गडाखाली एकाच दिवशी भेटतील.