चेखव्हची एक गोष्ट, कानांनी वाचलेली

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं होतं, "सर, हल्ली तुम्ही पुस्तक हातात धरून बोलत नाही, असं का?" कारण साधं आहे. काचबिंदू. बारीक टाइप आता अर्ध्या तासाच्या वर झेपत नाही. त्यामुळे गेली दोन वर्षं माझं बरंचसं वाचन कानांनी चाललंय. तक्रार नाही. पण त्यातून माझी एक जुनी चूक उघडी पडली, ती आज सांगतो.

अंतोन चेखव्हची १८८६ सालची एक कथा आहे, 'तोस्का'. कॉन्स्टन्स गार्नेटबाईंनी इंग्रजीत तिला 'मिझरी' असं नाव दिलं. पीटर्सबर्गमधली बर्फाची संध्याकाळ. स्लेजगाडी हाकणारा म्हातारा इओना पोतापोव. त्याचा तरुण मुलगा आठवडाभरापूर्वी वारलाय. गाडीत जो बसेल त्याला तो हे सांगू बघतो. एक लष्करी अधिकारी, मग तीन दंगेखोर तरुण, मग एक दरवान, मग मुक्कामावरचा एक पोरगेलासा गाडीवान. कुणी ऐकत नाही. शेवटी तबेल्यात जाऊन तो आपल्या घोडीला सांगतो.

मी ही कथा नीतिशास्त्राच्या तासाला किती वर्षं वापरली असेल! फळ्यावर लिहायचो: चार माणसं, चार नकार, जगाची बेपर्वाई. मुलं तेच उत्तरपत्रिकेत उतरवायची आणि मीही मार्क द्यायचो.

मग ती ऐकली. लिब्रिव्हॉक्स म्हणून एक उपक्रम आहे, २००५ साली सुरू झालेला. जगभरातली हौशी माणसं जुनी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि फुकट देऊन टाकतात. आवाज अगदी साधा होता, नटाचा नव्हे. आणि त्या आवाजात तो अधिकारी मला वेगळाच भेटला. इओना म्हणतो, माझा मुलगा गेला. यावर अधिकारी काय करतो? तो विचारतो, कशानं गेला? विचारतो, बरं का! इओना अख्खा मागे वळतो आणि सांगायला लागतो. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी खेकसतं, समोर बघ म्हणून. अधिकारीही म्हणतो, चल, उशीर होतोय. इओना पुन्हा वळून बघतो तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतलेले असतात.

आता हा नकार आहे का? माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं होतं, मधे रहदारी आली. डोळ्यांनी वाचताना मी हे ओलांडून जात होतो, कारण मला 'नकार क्रमांक एक' हवा होता. डोळा पुढे उडी मारतो. कानाला ती सोय नाही. वाक्य ज्या गतीनं येईल त्याच गतीनं घ्यावं लागतं.

त्या दिवशी मला एक विद्यार्थी आठवला. वडील गेल्यावर पंधरा दिवसांनी वर्गात आला होता. मी विचारलं, "कशानं गेले रे?" तो बोलायला लागला आणि घंटा झाली. मी म्हटलं, "बोलू नंतर." ते नंतर कधी झालं नाही.

पुढे कथेत अशी जागा येते, की हे दुःख कसं सांगायला हवं ते इओना मनाशी ठरवतो. मुलगा आजारी कसा पडला, मरताना काय म्हणाला, दफन कसं झालं, त्याचे कपडे आणायला दवाखान्यात कसं जावं लागलं. मग गावाकडे राहिलेल्या मुलीचंही सांगायचंय. म्हणजे त्याला सहानुभूतीचा एक शब्द पुरणार नाही. क्रमवार, सावकाश सांगायचंय; त्याला वेळ हवाय. घोडी चारा चघळत उभी असते, तिच्याकडे तो आहे. आणि गंमत बघा, तो तिला सगळं सांगतो एवढंच चेखव्ह आपल्याला कळवतो. सांगितलेलं आपल्याला ऐकवत नाही.

संत ऑगस्टिननं नोंदवलंय की मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचायचे. यावरून त्या काळी मनातल्या मनात कुणी वाचतच नसे असं काही लोक ठोकून देतात, ते जरा जास्तच होतं. पण मोठ्यानं वाचणं हे वाचनाचं जुनं रूप, यात शंका नाही. आपल्याकडे श्रावणात पोथी लावायचे तेव्हा एक वाचायचा, घर ऐकायचं. दासबोधात नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणापासूनच होते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. वाचणाऱ्याचा सूर म्हणजे त्यानं लावलेला अर्थच असतो. मागे व्हायोलिन रडवणारी अभिवाचनं मी अर्ध्यावर बंद करतो. शक्य असेल तर एकच कथा दोन वेगळ्या आवाजांत ऐका.

आता कायद्याचं थोडं, कारण तुमच्यापैकी काहींना स्वतः ध्वनिमुद्रण करायचंय. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजायचं. पूर्वी ही मुदत पन्नास होती, १९९२ साली वाढवली. त्यामुळे १९४१ साली गेलेले रवींद्रनाथ २००१ अखेर मोकळे झाले. आपले हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या 'स्फुट गोष्टी' खुशाल वाचा. चेखव्ह १९०४ सालीच गेले. पण घोटाळा होतो तो इथे: भाषांतराचा हक्क वेगळा असतो. चेखव्ह मोकळा, म्हणून घरातलं एखादं अलीकडचं मराठी भाषांतर उचलून वाचता येणार नाही; त्या अनुवादकाची किंवा वारसांची परवानगी लागेल. गार्नेटबाई १९४६ साली गेल्या, म्हणून त्यांचं इंग्रजी आपल्याकडे मोकळं आहे. मी त्यावरूनच मराठी केलंय. रशियन मला येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मोठ्या टाइपात छापून आणलंय. पंधरा-वीस मिनिटं लागतील, मधे अडखळेन. प्रश्न त्यानंतर घेऊ. मागचा पंखा कुणीतरी बंद करा, फार आवाज करतोय.