भांडी घासायला शाळा कशाला?

मे महिन्यात मालवणच्या जेटीवर थोडा वेळ उभे राहून पाहा. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांसाठी रांग लागलेली असते. पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या गाड्यांना उभे राहायला जागा मिळत नाही. दुपारचा एक वाजला की हीच सगळी माणसे जेवायला निघतात, आणि गावातली एकूण एक खानावळ भरून जाते. तुम्हीही एखाद्या टेबलावर बसा आणि ताट आणून ठेवणाऱ्या पोराला सहज विचारा, "बाबा, गाव कुठलं तुझं?" उत्तर कधी नेपाळ येईल, कधी झारखंड, कधी ओडिशा. मग गल्ल्यावरच्या मालकाला विचारा, "आपल्या गावातली पोरं नाहीत का हो?" तो हसून सांगेल, "आपली पोरं मुंबईला."

बाहेरून आलेल्या त्या पोरांना नावे ठेवू नका. पोटासाठी हजार कोस आलेली ती कष्टाळू मुले आहेत. प्रश्न आपल्या मुलांचा आहे. दारात आलेला धंदा सोडून ती अंधेरीच्या गोडाऊनमध्ये खोकी का उचलतात? आणि जी गोव्याच्या हॉटेलांत जातात, ती वर्षानुवर्षे भांड्यांच्या मोरीपाशीच का राहतात?

जिल्हा पर्यटनाचा झाला, पुढे काय?

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जानेवारी २०२३ मध्ये बांद्याच्या पलीकडे, गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोपाहून विमाने उडू लागली. रस्ता झाला, रेल्वे झाली, विमानही आले. या सगळ्यातून येणाऱ्या पाहुण्याची खोली नीट लावणारा, त्याला वेळेवर आणि चांगले जेवू घालणारा, त्याच्याशी दोन शब्द धड बोलणारा माणूस मात्र आपोआप तयार होत नाही. त्याला शिकवावे लागते.

आणि हे शिक्षण सरकारी खर्चाने किंवा सरकारी मदतीने मिळते, ही गोष्ट आपल्या गावांत फारशी कोणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या अनेकांना ते कमीपणाचे वाटते. चहाच्या टपरीवर हा विषय काढला तेव्हा एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "भांडी घासूक शाळा कित्याक व्हयी रे?" सगळे हसले. कोपऱ्यात बारावी झालेला एक मुलगा बसला होता. तो हसला नाही, खाली मान घालून उठून गेला. हा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी आहे.

शाळेत शिकवतात तरी काय?

"स्वयंपाक तर आमच्या आयेक येता," असे आपण म्हणतो. येतोच. आपल्या आयांच्या हाताची चव कोणत्याही शाळेत शिकवता येणार नाही. पण घरच्या सहा पानांचा स्वयंपाक वेगळा आणि एका तासात चाळीस ताटे, चाळीसही एकाच चवीची, हे काम वेगळे.

साधा हिशोब घ्या. समजा बाजारात सुरमई ८०० रुपये किलो आहे. आपण मनात धरतो, दीडशे ग्रॅमची तुकडी म्हणजे १२० रुपये. पण डोके, शेपूट, आतडी काढल्यावर किलोतून ६०० ग्रॅमच तुकड्या निघाल्या, तर त्या तुकड्यांचा खरा भाव किलोला १,३३३ रुपये पडला. म्हणजे दीडशे ग्रॅमची तुकडी २०० रुपयांची झाली. डोके सारात घातले तर थोडे पैसे वसूल होतील, ते वेगळे. हा हिशोब न कळलेला मालक प्रत्येक ताटामागे ८० रुपयांनी फसतो, चाळीस ताटांमागे ३,२०० रुपयांनी. मग सीझन संपल्यावर तोच म्हणतो, "गर्दी तर खूप होती, पैसे गेले कुठे?"

शाळेत पहिल्यांदा हेच शिकवतात. सुरी कशी धरायची, माल कसा तपासून घ्यायचा, आधी आलेला माल आधी कसा वापरायचा. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ राहिले की त्यात जंतू वाढतात, म्हणून ते एक तर गरम ठेवायचे, नाही तर लवकर थंड करायचे. पलंगावरची चादर सुरकुती न पडता कशी घालायची, संतापलेल्या गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे, हेही शिकवतात. आणि हो, भांडी घासायलाही शिकवतात. भांडे नीट घासले गेले नाही तर काय होते, हे ज्याला कळले तोच पुढे भटारखाना सांभाळू शकतो.

आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. या शिक्षणाची आपल्या देशातली पहिली मोठी संस्था १९५४ साली मुंबईत निघाली ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, महिलांच्या अन्न परिषदेमार्फत. आज ती दादरला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या छत्राखाली चालते. म्हणजे ज्या धंद्याला आपण "बाईमाणसाचं काम नव्हे" म्हणतो, त्याची शाळा बायकांनीच काढली.

सरकारी शिडीच्या पायऱ्या

आता मुद्द्याचे. हे शिक्षण एका शिडीसारखे आहे. ज्याला जी पायरी झेपेल, तिथून त्याने चढावे.

पहिली पायरी फुकट आणि थोड्या दिवसांची. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' नावाची योजना सुरू केली. सुरुवातीची अट होती आठवी पास आणि वय १८ ते २८. स्वयंपाकाचा वर्ग आठ आठवड्यांचा, वाढपाचा सहा आठवड्यांचा. फी नाही, उलट हजेरीची अट पूर्ण केली तर अनुक्रमे २,००० आणि १,५०० रुपये विद्यावेतन, असे तेव्हा ठरले होते. ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली. तिच्यात प्रशिक्षणाबरोबर नोकरी लावून देण्याची जबाबदारीही प्रशिक्षण संस्थेवर टाकली आहे. अशा योजनांच्या अटी आणि रकमा बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी चालू वर्षाचे पत्रक जरूर पाहावे.

दुसरी पायरी आयटीआय. फिटर आणि इलेक्ट्रिशियन एवढेच आयटीआयमध्ये असते, असा आपला समज आहे. पण फूड प्रॉडक्शन, हाउसकीपर, बेकर अँड कन्फेक्शनर असे एक-एक वर्षाचे ट्रेडही त्या यादीत आहेत. दहावी झालेल्याला फूड प्रॉडक्शनला अर्ज करता येतो. प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेड नसतो, म्हणून दहावीचा निकाल लागताच तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन जिल्ह्यातली आणि शेजारच्या जिल्ह्यांतली यादी मागावी.

तिसरी पायरी दीड वर्षाची. केंद्राच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थांमध्ये दहावीनंतर स्वयंपाक आणि बेकरीचा कारागिरी अभ्यासक्रम असतो. एक वर्ष संस्थेत, सहा महिने प्रत्यक्ष हॉटेलात. ज्याला पदवीपेक्षा हातातली कला लवकर हवी, त्याच्यासाठी हा रस्ता चांगला. आपल्याला जवळ म्हणाल तर गोव्यात पर्वरीला अशी संस्था आहे.

चौथी पायरी तीन वर्षांची पदवी. बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून होतो. ती परीक्षा संगणकावर असते आणि तिच्यात गणित, तर्क, सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि सेवाक्षेत्राचा कल तपासणारे प्रश्न येतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग यांना राखीव जागा आहेत. ही पदवी फुकट नाही. फी भरावी लागते, पण शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो आणि पदवीला देशभर मान असतो.

याशिवाय शिकाऊ उमेदवारी आहेच. १९६१ च्या कायद्याखाली मोठ्या हॉटेलांतही शिकाऊ उमेदवार घेतले जातात. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांत दहावी झालेल्याला महिना किमान ६,००० आणि आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्याला ७,००० रुपये विद्यावेतन ठरले. शिकता शिकता कमाई म्हणतात ती ही.

काजूची बाग गहाण पडली

ही शिडी माहीत नसली म्हणजे काय होते, ते सांगतो. आमच्या ओळखीचे एक शेतकरी. मुलाला बारावीला बरे मार्क पडले आणि शहरातल्या एका खासगी संस्थेची रंगीत पुस्तिका घरी आली. मुखपृष्ठावर परदेशातले हॉटेल, आत "शंभर टक्के नोकरी". बापाने काजूची बाग गहाण टाकून फी भरली. वर्षभराने मुलाला कळले की प्रमाणपत्रावर ना सरकारी परिषदेचा शिक्का आहे, ना विद्यापीठाचा. वीस मुलांत एक शेगडी होती. "प्रशिक्षण" म्हणून ज्या हॉटेलात पाठवले, तिथे सहा महिने कांदे सोलले. मुलगा परत आला. आज तो गावात रिक्षा चालवतो आणि बाप कर्ज फेडतो. त्याच मुलाला त्याच वर्षी सरकारी संस्थेत अर्ज करता आला असता. अर्ज कधी निघतो, हे सांगणारे कोणी भेटले नाही, एवढेच.

सगळ्याच खासगी संस्था अशा नसतात, चांगल्याही आहेत. पण पैसे भरण्याआधी, पालकहो, पाच प्रश्न विचारा. एक, प्रमाणपत्र कोण देणार, आणि त्या मान्यतेचे पत्र दाखवता का? दोन, गणवेश, सुऱ्या, परीक्षा, वसतिगृह धरून एकूण खर्च किती? तीन, मुलांमागे शेगड्या किती, आठवड्यात प्रत्यक्ष हाताने काम किती तास? चार, हॉटेलातल्या प्रशिक्षणात विद्यावेतन मिळते की उलट पैसे घेतात? पाच, गेल्या वर्षीची मुले कुठे लागली, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तरे देताना कोणी अडखळला तर सरळ घरी यावे. बाग कुठे पळत नाही.

मुलींचे काय?

आईबापांची खरी भीती रात्रपाळीची असते, आणि ती खोटी नाही. हॉटेल रात्रीही चालते. पण कायदा माहीत असावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती असली तरी तिच्या संरक्षणाची आणि घरी पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. मुलीला शिकायला पाठवा, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी ही सोय आहे का ते विचारायलाही शिकवा. शिवाय बेकरी किंवा घरची निवास-न्याहारी हे मार्ग गावात राहूनही जमतात. शिकलेली मुलगी चार खोल्यांचे घर चालवू लागली तर तिला कोणाच्या रात्रपाळीला जायची गरज नाही.

थोडे कडू, पण खरे

आठ आठवड्यांत कोणी शेफ होत नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो, उभे राहून पाय सुजतात, गणपतीला आणि शिमग्याला रजा मिळेलच असे नाही. कित्येक मुले महिन्याभरात पळून येतात. म्हणून मुलाला पाठवण्याआधी एक सीझन गावातल्याच चांगल्या खानावळीत काम करू द्या. त्याला ते आवडले, तर पुढचे शिक्षण वाया जात नाही.

सरकारकडेही दोन मागणी आहेत. राष्ट्रीय प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत निघते, मराठीत निघत नाही. मराठी शाळेत शिकलेला मालवणचा मुलगा इथेच अर्धा मागे पडतो. ही प्रश्नपत्रिका मराठीत मिळाली पाहिजे. दुसरे, किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये स्वयंपाकाचा एक तरी ट्रेड असावा, आणि या योजनांची पत्रके ग्रामसभेत वाचून दाखवावीत. आमदार-खासदारांनी रिसॉर्टच्या भूमिपूजनाला जसा नारळ फोडला, तसा एखादा इथेही फोडावा.

आणि ग्रामपंचायतींनी वाट पाहत बसू नये. दहावी-बारावीचा निकाल लागला की एका रविवारी शाळेच्या वर्गात मुलांना आणि पालकांना बोलवा. आयटीआयचा एक मास्तर आणि गावचाच, हॉटेलात नाव काढलेला एखादा मुलगा, एवढे दोघे पुरेत. तासाभराचे काम आहे. टपरीवरून मान खाली घालून उठून गेलेला तो मुलगा त्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन बसला, तर पुढच्या काही वर्षांत मालवणच्या एखाद्या टेबलावर पाहुणा विचारील, "बाबा, गाव कुठलं तुझं?" आणि उत्तर येईल, "हयचोच मी. भटारखानो माझोच आसा. काय वाढू?"